बागेतली आगगाडी आणि न वाळणारे गवत

खेळण्यातली आगगाडी मांडण्याचे काम वरवर पाहता इंजिनाचे व रुळांचे वाटते. परंतु ज्यांनी ते एकवार हाती घेतले आहे त्यांस ठाऊक असते की, यातली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे जमीन. इंजिन दुकानात मिळते, डबे मिळतात, रूळ मिळतात, सिग्नलाचे खांबही मिळतात. जमीन मात्र ज्याची त्यासच करावी लागते. डोंगर कोठे उतरतो, ओढा रुळांखालून कोठे निघून जातो, गवत कोठे माजते आणि कोठे खुरटते, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले नाही, त्याची गाडी कितीही मोलाची असली तरी ती सतरंजीवर धावणाऱ्या गाडीहून निराळी दिसत नाही.

या जमिनीचा प्रश्न एका झटक्यात सोडवू म्हणणारा एक पदार्थ आता घरोघर येऊन पोचला आहे. तो म्हणजे कृत्रिम गवत. सतरंजीप्रमाणे गुंडाळी करून विकले जाणारे हे हिरवे आवरण गॅलरीत, गच्चीवर, दुकानांच्या दारांत आणि गणपतीच्या आराशीत सर्वत्र दिसते. तेव्हा मुलांची आगगाडी गच्चीवर मांडताना हेच का अंथरू नये, असा प्रश्न घरातील कर्त्या मंडळींस पडला तर त्यात नवल नाही. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यात पैशाचा, पावसाचा आणि मुलांच्या शिक्षणाचाही भाग आहे. म्हणून वाचकांसमवेत त्याचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

बागेत मांडावयाच्या आगगाडीचा छंद इंग्लंडात जुना आहे. तथापि तो सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला तो मुख्यतः १९६८ सालापासून. त्या वर्षी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील लेमान कंपनीने उन्हापावसात टिकेल अशी मोठ्या आकाराची खेळण्यातली गाडी विक्रीस आणली. तिच्या दोन रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर, आणि ती खऱ्या मीटरगेज गाडीच्या साडेबाविसाव्या हिश्श्याएवढी. हेच अंतर पुढे बागेतल्या गाड्यांचे सर्वमान्य माप होऊन बसले.

आमच्या मुंबईत बाग म्हणावी अशी जागा फारच थोड्यांच्या वाट्यास येते. गिरगावातील चाळीचा चौक, लालबाग-परळकडील लांब गॅलरी, दादरच्या इमारतीची गच्ची, हीच आमची बाग. परंतु आगगाडीवर या शहराचा हक्क जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी निघाली, ती हिंदुस्थानातील प्रवाशांची पहिली गाडी. चर्नीरोडजवळ राहणाऱ्या मुलास गाडीच्या आवाजाने झोप लागते. दादरच्या मुलास मध्य व पश्चिम या दोन्ही मार्गांच्या गाड्या एकाच पुलावरून पाहावयास मिळतात. परळच्या मुलाच्या शेजारी तर रेल्वेचा कारखानाच आहे. आणि उघड्यावर लहानशी सृष्टी उभारण्याची विद्याही आमच्या मुलांस कोणी शिकवावयास नको. दिवाळीत चौकाच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो तो हेच काम होय. दगड, विटा व गोणपाट यांवर माती थापून केलेल्या या किल्ल्याच्या पोटातून बोगदा काढून आगगाडी सोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. महाराजांच्या सिंहासनाखालून गाडी जाते याचे इतिहासाच्या दृष्टीने समर्थन करता येणार नाही; परंतु त्या गाडीस डोंगर मात्र खरा मिळतो.

आता कृत्रिम गवताकडे वळू. त्याचा जन्म अमेरिकेत झाला, आणि त्याची कथा आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. १९६५ साली ह्यूस्टन शहरात अवाढव्य छपराखाली एक क्रीडांगण बांधण्यात आले. छपरास पारदर्शक तावदाने होती व खाली खरे गवत लावले होते. हे गवत दुसरेतिसरे कोणते नसून आमच्या दूर्वेच्याच कुळातील एक संकरित जात होती. पण तावदानांतून येणाऱ्या झगझगाटामुळे खेळाडूंस उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगविली. चेंडू दिसू लागला, पण सूर्यप्रकाशावाचून गवत मेले. तेव्हा १९६६ साली मॉन्सँटो कंपनीने नायलॉनच्या धाग्यांचे केलेले गवत तेथे अंथरण्यात आले. पुढे १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच अशा गवतावर झाले, आणि मातीच्या व हिरवळीच्या मैदानांवर वाढलेला भारतीय संघ त्या वर्षी सातव्या क्रमांकावर गेला. हे सांगण्याचे कारण इतकेच की, कृत्रिम गवत निघाले ते जेथे खरे गवत जगू शकत नाही अशा जागेसाठी. त्याचा हा मूळ धर्म ध्यानात ठेवला म्हणजे त्याचा उपयोग कोठे करावा हे ठरविणे सोपे जाते.

आज बाजारात मिळणारे गवत बहुधा पॉलिथिनच्या पात्यांचे असते. पाती एका जाळीदार कापडात टाचलेली असून मागील बाजूस रबरासारख्या द्रव्याचा लेप देऊन ती घट्ट बसवितात, आणि पाणी उतरावे म्हणून त्यास ठिकठिकाणी भोके ठेवलेली असतात. त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. त्यास पाणी घालावे लागत नाही. ज्या गॅलरीत दिवसातून तासभरही ऊन येत नाही तेथेही ते हिरवे राहते. आगगाडीच्या दृष्टीने विशेष गुण असा की, ते रुळांवर पसरत नाही. खरी दूर्वा जमिनीसरसी धावते आणि पेरापेराला मूळ धरते. श्रावणात दोन आठवडे दुर्लक्ष झाले की लहानशा गाडीचे रूळ तीत नाहीसे होतात. खऱ्या रेल्वेतही रुळांखालच्या खडीत गवत माजू देत नाहीत. कारण त्याच्या मुळांत माती अडकते, आणि खडीने वाहून न्यावयाचे पाणी तेथेच तुंबते. ज्या घरी रोज निगा राखावयास कोणी मोकळे नाही, त्या घरास हे न वाढणारे गवत सोयीचे वाटावे हे स्वाभाविक आहे.

परंतु पहिली अडचण मापाची येते, आणि ती मुलांकडून पाटीवर सोडवून घेण्याजोगी आहे. ४५ मिलिमीटरच्या रुळांवर आपण कोणती रेल्वे मानतो यावर सारे अवलंबून असते. खरी मीटरगेज मानली तर सर्व वस्तू सुमारे साडेबावीस पट लहान झाल्या. मुंबईची ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरांची. ती मानली तर सुमारे सदतीस पट. आणि नेरळ-माथेरानची दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरांची गाडी मानली, तर केवळ साडेतेरा पट. आता २० मिलिमीटर उंचीचे कृत्रिम गवत घ्या. माथेरानच्या गाडीशेजारी ते खऱ्या मापाने २७ सेंटिमीटरांचे, म्हणजे पोटरीइतके भासेल. मीटरगेजशेजारी तेच गवत ४५ सेंटिमीटरांचे, म्हणजे गुडघाभर. आणि ब्रॉडगेजशेजारी ७४ सेंटिमीटरांचे, म्हणजे मांडी झाकणारे होईल. बाजारात पुष्कळदा ४० मिलिमीटरचे दाट गवत पसंत केले जाते, कारण ते हातास मऊ लागते. ब्रॉडगेजच्या मापाने ते दीड मीटर उंच झाले! त्यात ठेवलेला मातीचा गार्ड गळ्यापर्यंत बुडतो आणि त्याच्या हातचे निशाण गवतातून वर काढावे लागते. सारांश, बैठकीस उत्तम ते गाडीस उत्तम असे नव्हे. वीतभर गवताचे कुरण दाखवावयाचे तर मीटरगेजच्या मापाने पाते १० मिलिमीटरांच्या आतच हवे. सबब गवत घ्यावयाचेच तर सर्वांत आखूड घ्यावे, आणि रुळांलगत ते कात्रीने आणखी आखूड करावे. कातरलेले धागे मात्र तेथल्या तेथे वेचून घ्यावेत. नाहीतर ते चाकांच्या आसांभोवती गुरफटून इंजिनाचे दात्रे अडकतात.

दुसरी अडचण पावसाची. मुंबईत एका पावसाळ्यात साधारणतः दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तेव्हा तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा मांडणीवर जून ते सप्टेंबर या काळात बारा हजार लिटरांहून अधिक पाणी ओतले जाते. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास मात्र तो अवघा ७३ मिलिमीटर होता. त्या पुरात माथेरानच्या रेल्वेचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, व गाडी पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. खऱ्या रेल्वेची ही अवस्था, तर गच्चीवरील रेल्वेने पाण्याचा विचार आधी करावयास नको काय?

गवताच्या मागील भोकांतून पाणी उतरते हे खरे. पण उतरून ते जाते कोठे, हे पाहिले पाहिजे. गच्चीच्या फरशीवर नुसते अंथरलेले गवत पाणी खाली घेते आणि तेथेच धरून ठेवते. चार दिवसांत त्यास कुबट वास येऊ लागतो, व साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी पडतात. म्हणून मांडणी फरशीपासून विटांवर उचलून घ्यावी, खाली बारीक खडीचा थर द्यावा, सबंध मांडणीस पन्हळीकडे थोडा उतार ठेवावा, आणि गच्चीवर काहीही डिंकाने चिकटवू नये. गळतीची तक्रार खालच्या मजल्यावरून येते तेव्हा ती छंदाच्या गोडीहून मोठी असते. गिरगावसारख्या समुद्राजवळील भागात खाऱ्या हवेने पितळी रूळ लवकर काळवंडतात व इंजिनास वीज नीट मिळत नाही. ओलसर गवत रुळांस चिकटून असेल तर हे अधिकच जलद होते. रूळ व गवत यांच्यामध्ये दोन बोटे रुंदीची खडी ठेवली म्हणजे हा दोष पुष्कळ टळतो, आणि मांडणीही खऱ्यासारखी दिसते.

तिसरी गोष्ट उन्हाची. जिवंत गवत आपल्या पानांवाटे पाण्याची वाफ सोडून स्वतःस व भोवतालास गार ठेवते. प्लास्टिकच्या पात्यास ही सोय नाही. वैशाखातील दुपारी गच्चीवरील कृत्रिम गवत इतके तापते की, अनवाणी मुलाने त्यावर पाय ठेवू नये. त्या उष्णतेने रूळही वाढतात. एक मीटर पितळी रूळ तीस अंशांनी तापला तर सुमारे अर्ध्या मिलिमीटराहून किंचित अधिक लांब होतो. दहा मीटरांच्या मार्गात ही वाढ अर्ध्या सेंटिमीटराहून अधिक भरते. म्हणून सांध्यांत फट ठेवावी. खऱ्या रेल्वेतही जुन्या मार्गांवर अशीच फट ठेवीत आणि डब्यात बसल्यावर जो ठेका ऐकू येई तो तिचाच, हे मुलांस अवश्य सांगावे.

या तिन्ही अडचणी युक्तीने दूर करता येतात. चौथी मात्र युक्तीने जाणारी नाही, आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. कृत्रिम गवताचा रंग बारा महिने सारखाच असतो. ज्या देशातून ही गाडी आली, तेथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो व कुरणे दीर्घकाळ हिरवी राहतात. तेथील मांडणीस सदाहरित आवरण शोभते. परंतु आमचा सह्याद्री असा नाही. कर्जतहून बोरघाट चढा, कसाऱ्याहून थळघाट चढा, की नेरळहून माथेरानच्या चढणीस लागा. आषाढात जो उघडा उतार डोळे निवविणारा हिरवा असतो, तोच मार्गशीर्षात पिवळा पडतो आणि चैत्रात भाताच्या पेंढ्यासारखा दिसतो. क्वचित वणव्याने काळाही होतो. मग मृगाच्या सरी येतात आणि आठवडाभरात त्याच उतारावर पुन्हा कोंब दिसतात. ज्या मुलाच्या गाडीभोवती गवत कधी वाळत नाही, त्याच्या मनात आपल्या देशाच्या डोंगराचे चित्र कसे उमटावे? खेळण्यातून मूल जे शिकते ते पुस्तकातील धड्याहून खोल जाते. सबब खोट्या हिरवळीने केलेली फसवणूक लहान समजू नये.

सुदैवाने आमच्याजवळ याहून चांगले आणि बहुतेक फुकट मिळणारे गवत आहे. पहिले शेवाळ. जुलैपासून चाळीच्या कुंपणाच्या भिंतीवर आणि जिन्याच्या कठड्यावर जे मखमली शेवाळ धरते, ते बहुधा तीन ते पाच मिलिमीटर उंच असते. मीटरगेजच्या मापाने हे सात ते अकरा सेंटिमीटरांचे कोवळे गवत झाले. म्हणजे जे माप कारखान्यास साधत नाही ते मुंबईच्या भिंतीस आपोआप साधले आहे. उलथण्याने त्याच्या पातळ चकत्या सोडवून मातीच्या थरावर दाबून बसवाव्यात व सावलीच्या बाजूस ठेवाव्यात. ऑक्टोबरच्या उन्हात ते तपकिरी होते. पण त्यातले पुष्कळसे मरत नाही, निजते. पुढील पावसात ते पुन्हा हिरवे होते. सह्याद्रीचे पंचांग ते न शिकवता पाळते.

दुसरे आपले अळीव. दिवाळीच्या किल्ल्यावर ते पेरण्याची चाल मुलांस ठाऊकच आहे. पण त्याचे कारण थोड्यांस ठाऊक असते. अळिवाचा दाणा भिजला की त्याभोवती बुळबुळीत चिकट आवरण येते, त्यामुळे तो मातीच्या उभ्या चढणीसही चिकटून राहतो व घरंगळत नाही. दोनतीन दिवसांत कोंब फुटतो आणि आठवड्यात डोंगर हिरवा होतो. सपाट जागी मोहरी किंवा नाचणी चालते. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आजीने डब्यात ठेवलेल्या अळिवातून मूठभर मागून घ्यावे. त्या निमित्ताने आजीही रेल्वेच्या कामात येते. तिसरी दूर्वा. ती रुळांपासून वेगळी, कुंडीत किंवा पत्र्याच्या पन्हळीत लावावी आणि मांडणीच्या कडेस ठेवावी. भाद्रपदात एकवीस जुड्या बाहेरून आणावयास नकोत.

आमच्या परिचयाच्या दादरच्या एका घरी गच्चीवर नवे कृत्रिम गवत अंथरले, तेव्हा घरातील वृद्ध आजींनी ते हातांनी चाचपून पाहिले आणि नातवास विचारले, "बाळ, चतुर्थीला दूर्वा यातल्याच खुडू का रे?" मुलगा हसला, पण दुसऱ्या दिवशी त्याने काकांकडून एक कुंडी मागून घेतली. त्या मांडणीवर आज दोन्ही गवते आहेत, आणि कोणते कोठे असावे याविषयी घरात रोज चर्चा होते.

आमचाही निर्णय तसाच आहे. कृत्रिम गवतास घराबाहेर काढावे असे आम्ही म्हणत नाही. त्यास त्याचे काम द्यावे. स्टेशनाच्या आवारातील लहानशी बाग, जी खऱ्या रेल्वेतही नळाने पाणी घालून कातरून राखलेली असते, तेथे हे एकसारखे हिरवे गवत शोभून दिसते. ज्या कोपऱ्यात ऊन कधीच पोचत नाही, तेथे ते असू द्यावे. मुलांस बसून गाडी चालवावयास जागा हवी, तेथेही ते अंथरावे. मात्र डोंगर, ओढ्याचा काठ आणि शेताचा बांध यांवर त्यास पाऊल ठेवू देऊ नये. अंथरताना तुकड्यांच्या कडा सरळ कापू नयेत, वेड्यावाकड्या कापाव्यात. पात्यांची चकाकी मोडण्यासाठी चाळलेली बारीक माती वर भुरभुरावी व जुन्या ब्रशाने ती आत उतरवावी.

आणखी एक जबाबदारी आहे. हे गवत वाळत नाही त्याप्रमाणे कुजतही नाही. उन्हाने त्याची पाती कालांतराने ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर गटारात व पुढे समुद्रात जातात. २००५ च्या पुरानंतर प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांची केवढी चर्चा झाली ते मुंबईकर विसरलेले नाहीत. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या आराशीवर बंदी घातली. आणि युरोपीय संघाने २०२३ साली क्रीडांगणांवरील कृत्रिम गवतात भरावयाच्या प्लास्टिकच्या कणांची विक्री टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा नियम केला. म्हणून घ्यावे ते थोडे घ्यावे, मृगापूर्वी गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे आणि पाती तुटू लागताच काढून टाकावे.

दिवाळीस अजून अवकाश असेल तर घरातील मुलांस एवढेच सांगावे: किल्ल्याची माती आणताना या वर्षी रुळांसाठीही चार घमेली अधिक आणा. वडील मंडळींनी उतार आखून द्यावा, आजींनी अळीव द्यावे, मुलींनी व मुलांनी पाळीपाळीने सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. भाऊबिजेनंतर ते हिरवे डोंगर पिवळे पडू लागतील, तेव्हा मुले हिरमुसतील. त्यांस सुट्टीत एक दिवस काढून नेरळला न्यावे, आणि दोन फुटी गाडीच्या खिडकीतून खरे डोंगरही पिवळे पडत आहेत हे दाखवावे.